खाडीकाठच्या शाळांतले डिजिटल पाठ : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

१४ जून, शनिवार

परवा सोमवारी शाळा उघडतायत. त्याआधी नवी मुंबईतल्या दिघा, ऐरोली, रबाळे आणि घणसोली या पट्ट्यातल्या आमच्या गटातल्या शाळांची पाहणी उरकली. साहित्य तसं बऱ्यापैकी आहे. कुठे प्रोजेक्टर, कुठे भिंतीवर मोठा टच पॅनेल, संगणक कक्ष तर बहुतेक ठिकाणी. पण प्रोजेक्टर कपाटात, कपाटाची किल्ली कार्यालयात, आणि एचडीएमआय केबल गेल्या स्नेहसंमेलनापासून सापडत नाही. काही वर्गांत उजेड इतका येतो की पडद्यावरचं चित्र फिकट पडतं. स्पीकर नसल्यामुळे मागच्या बाकांवर आवाज पोचत नाही. ही यादी मुख्याध्यापकांना दिली. त्यातलं बरंचसं शे-दोनशे रुपयांत आणि एका सुताराच्या मदतीने सुटणारं आहे.

शिक्षकांना विचारायला मी एकच प्रश्न नेला होता : गेल्या वर्षी कोणता घटक शिकवून झाल्यावर वाटलं, की पोरांना कळलाच नाही? उत्तरं भराभर आली. अपूर्णांकांची बेरीज. विद्युत परिपथ. सातवीच्या भूगोलातली भरती-ओहोटी. तिसरीचं जोडाक्षरवाचन. चंद्राच्या कला. कुठलं अ‍ॅप शिकवणार, असं कुणीही विचारलं नाही.

शिक्षकांना तंत्रज्ञान येत नाही, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. दीक्षा हे सरकारी डिजिटल पाठांचं पोर्टल सप्टेंबर २०१७ मध्ये आलं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, २०१९ पासून निष्ठा या सरकारी कार्यक्रमातली शिक्षक-प्रशिक्षणं झाली, कोविडच्या काळात अख्खी शाळा मोबाईलवर चालवून झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. हजेरीपासून शालेय पोषण आहारापर्यंतची माहिती हेच लोक रोज ऑनलाइन भरतात. बटणं त्यांना येतात. व्हिडिओ सुरू झाल्यावर शिक्षकाने काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही. या वर्षी काम तिथेच करायचं.

२८ जून, शनिवार

पहिलं सत्र, ऐरोलीतल्या एका शाळेच्या वर्गात. सभागृह मुद्दाम घेतलं नाही. बाई ज्या वर्गात शिकवतात तिथेच, त्याच फळ्यासमोर, तोच प्रोजेक्टर लावून.

भरती-ओहोटीवरचा चार मिनिटांचा एक तयार व्हिडिओ सातवीच्या बाईंनी नेहमीप्रमाणे लावला. बाकी शिक्षक मुलं होऊन बाकांवर बसले. व्हिडिओ संपला, बाईंनी विचारलं, "कळलं?" सगळे म्हणाले, "हो." मग मी कोरे कागद वाटले आणि सांगितलं, दिवसातून दोनदा भरती का येते ते आकृती काढून दाखवा. वर्ग गप्प झाला. बहुतेकांनी चंद्राच्या बाजूचा फुगवटा काढला, पलीकडचा फुगवटा फार थोड्यांच्या कागदावर होता. व्हिडिओत तो स्पष्ट दाखवलेला होता, सगळ्यांनी तो पाहिलाही होता.

दुसऱ्यांदा तोच व्हिडिओ लावला. या वेळी पलीकडचा फुगवटा दिसायच्या जरा आधी थांबवला. बाईंनी विचारलं, "चंद्र या बाजूला आहे. मग त्या बाजूच्या पाण्याचं काय होईल?" विज्ञानाचे सर म्हणाले, उतरेल. एका बाईंनी सांगितलं, तसंच राहील. मागून आवाज आला, "पण आमच्याकडे तर दिवसाला दोनदा पाणी चढतं." वाद रंगला आणि मगच पुढे चालवलं. चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर सर्वांत जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. या फरकामुळे दोन्हीकडे फुगवटे येतात. या वेळी बाकांवरच्या माना वर होत्या, कारण प्रत्येकाने आधी स्वतःचं उत्तर देऊन ठेवलं होतं.

निवृत्तीला आलेले एक सर म्हणाले ते इथे लिहून ठेवतो. त्यांच्या उमेदीच्या काळात दूरदर्शनवर पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम लागायचे. १९८४ साली सुरू झालेली ती संस्था आमच्या पिढीला नीट आठवते. "तेव्हा कार्यक्रम फार छान असायचे, पण थांबवता यायचे नाहीत. एखाद्या पोराला प्रश्न पडला तरी, गप्प बस, निघून जाईल, असं सांगावं लागायचं. आता थांबवता येतं, तरी आपण थांबवत नाही."

सर्वांना एक कागद दिला. तीन रकाने : कुठे थांबायचं (मिनिट-सेकंद), काय विचारायचं, मुलं काय म्हणतील. त्याला आम्ही 'थांब्यांचा कागद' म्हणतोय. तिसरा रकाना भरताना सगळ्यांचा जास्तीत जास्त वेळ गेला. मुलं काय चुकीचं म्हणतील याचा अंदाज वर्षानुवर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसालाच येतो. व्हिडिओ बनवणाऱ्याला तो नसतो. या कामात शिक्षकाची जागा कुणीही घेऊ शकत नाही असं मी म्हणतो, ते याच रकान्याच्या जोरावर.

१२ जुलै, शनिवार

विद्युत परिपथ. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली परिपथाची, संगणकावर चालणारी प्रतिकृती वापरली. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. तो मोफत आहे, बऱ्याच प्रतिकृती मराठीतही मिळतात, आणि एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. आमच्याकडे पावसाळ्यात नेट जातं-येतं, म्हणून हे महत्त्वाचं.

चर्चा रंगली ती क्रमावर. एका बाईंचं म्हणणं, आधी पडद्यावर दाखवू, मग खरा सेल आणि बल्ब देऊ. विज्ञानाच्या सरांचा याला ठाम विरोध. त्यांनी पिशवीतून सेल, वायर, टॉर्चचे बल्ब काढले आणि सगळ्यांना जोडायला लावले. दोन-चार जणांचा बल्ब लागेना. एकाच टोकाला वायर लावली होती, परिपथ पूर्णच होत नव्हता. मग सर म्हणाले, "आता पडदा लावा." प्रतिकृतीत वायरमधून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. बल्बच्या आधी जेवढे, तेवढेच बल्बच्या पुढेही. वीज बल्बमध्ये 'संपते' हा मुलांचा ठरलेला समज, आणि तो नुसत्या सेल-बल्बने जात नाही, कारण वायरच्या आत डोळ्यांना काही दिसत नाही. हाताला जे करता येतं ते आधी हाताने करायचं, डोळ्यांना दिसू न शकणारं पडद्यावर पाहायचं. सरांचं हे सूत्र आमच्या पूर्ण गटाने स्वीकारलं.

याच सत्रात स्लाइडवरच्या मजकुराचा विषय काढला. पडद्यावर परिच्छेद लिहायचा आणि तोच मोठ्याने वाचायचा, ही सवय सगळीकडे आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांत असं दिसलं, की चित्र आणि बोलणं एवढंच असेल तर शिकणाऱ्याला जास्त कळतं. बोललेलंच पुन्हा अक्षरांत दिलं की लक्ष विभागतं. एका बाईंनी लगेच शंका काढली : पण आमच्या पोरांना वाचायला शिकवायचंय, त्यांना अक्षरं दिसायला नकोत का? शंका रास्त आहे. घरी आगरी, भोजपुरी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला नवा शब्द कानावर पडतो त्याच वेळी डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. तोडगा त्यांनीच काढला. नवे दोन-तीन शब्द मोठ्या अक्षरांत, बाकी पडदा मोकळा.

२६ जुलै, शनिवार

आज फक्त फॉन्ट. जुन्या प्रश्नपत्रिका, पाठ टिपणं, स्वाध्याय, सगळं जुन्या फॉन्टमध्ये. दुसऱ्या संगणकावर उघडलं की अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरं, आणि ती टंकण्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक बसवून दिला. ज्यांना टंकलेखन नको त्यांना मोबाईलवर बोलून मराठी लिहायची सोय दाखवली. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर तपासावी लागतात, एवढं बजावलं. काम कंटाळवाणं, पण याशिवाय एकीचं टिपण दुसरीच्या उपयोगाला येत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसामुळे शाळांना सुटी. फोनवरच थोडी चर्चा. थांब्यांचे कागद जमतायत, पण काहींनी थांबे अती केलेत. चार मिनिटांत दहा वेळा थांबलं तर मुलांच्या हाती धागा लागत नाही. दोन किंवा तीन पुरेत, असं ठरलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीनंतरची पहिली भेट. सुरुवातीला कुणाचंच मन प्रशिक्षणात नव्हतं. १ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबद्दलचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा निकाल आला. पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागणार. वीस-वीस वर्षं शिकवलेले लोक समोर हवालदिल होऊन बसले होते. अर्धा तास त्यावरच बोलू दिलं. ज्या माणसाची नोकरीच टांगणीला लागलीय त्याच्यापुढे प्रोजेक्टरचा विषय काढणं बरोबर नव्हतं.

मग रविवारच्या खग्रास चंद्रग्रहणाकडे वळलो. ग्रहण रात्री उशिरा होतं, बरीच मुलं झोपलेली. स्टेलेरियम हे मोफत तारांगण सॉफ्टवेअर उघडून तारीख ७ सप्टेंबर केली, ठिकाण नवी मुंबई, आणि वेळ रात्री दहापासून पुढे सरकवली. अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत जातो तिथे थांबवलं. पाचवीच्या बाईंनी विचारलेला प्रश्न मला सर्वांत आवडला : "मागच्या पौर्णिमेला पण चंद्र समोरच होता ना, मग तेव्हा ग्रहण का नाही लागलं?" लगेच ऑगस्टची पौर्णिमा लावून बघितली. चंद्र सावलीच्या बाजूने निघून गेला. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, हे वाक्य पुस्तकात पाठ केलेलं सगळ्यांना आठवत होतं. ते घडताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. निघताना टीईटीचा विषय पुन्हा निघाला, पण आवाज जरा वर आलेले होते.

२२ सप्टेंबर, सोमवार

भरती-ओहोटीचा तयार व्हिडिओ सातवीच्या बाईंना पटत नव्हता. त्यात कुठल्या तरी थंड देशातला खडकाळ किनारा आहे. "आमच्या वर्गातली निम्मी पोरं कोळीवाड्यातली. त्यांच्या दाराशी खाडी आहे, आणि मी त्यांना परक्याचा समुद्र दाखवते." म्हणून आपणच चित्रफीत करायची ठरलं. अमावास्या नेमकी काल, रविवारी. बाई, त्यांचे यजमान आणि गणिताचे सर दुपारी ऐरोलीजवळच्या खाडीच्या जेट्टीवर गेले. मीही होतो. मुलांना मुद्दाम नेलं नाही. उधाणाच्या पाण्याजवळ दुसऱ्याचं मूल नेण्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही.

पद्धत साधी. जेट्टीच्या एकाच खांबासमोर मोबाईल तिपाईवर ठेवायचा, चौकट हलू द्यायची नाही, दर पंधरा मिनिटांनी एक फोटो. बाराच्या सुमाराला पाणी खांबाच्या वरच्या कड्याला टेकलं होतं. मग उतरायला लागलं. चार वाजता खांबाची शेवाळलेली बाजू उघडी पडली, साडेपाचला खाली चिखल दिसायला लागला. लांब तिवरांच्या कडेने बगळे उतरले. हा सगळा भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या शेजारचा, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. पण फ्लेमिंगो थंडीतच दिसतील. तेही ओहोटीला चिखलात खायला उतरतात आणि भरतीला आतल्या पाणथळ जागी सरकतात, म्हणजे त्यांचंही वेळापत्रक याच खांबावर.

जाळं दुरुस्त करत बसलेले एक आजोबा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. काय करताय, विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, त्याला फोटो कशाला, तिथीची पाऊणकी करा, म्हणजे तिथीला पाऊणने गुणा, वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला पाणी भरणार. अष्टमीला आठ पाऊण सहा, सहाला. पौर्णिमा उलटली की परत एकपासून मोजायचं. गणिताचे सर तिथेच जेट्टीच्या कठड्यावर वही टेकवून बसले. चांद्रमासात तिथी ३०. दिवसाचे २४ तास भागिले ३०, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५, तीन मिनिटांचाच काय तो फरक! भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते ते चंद्र रोज तेवढा मागे पडतो म्हणून, आणि तिथी तर आकाशातल्या चंद्र-सूर्यामधल्या कोनावरूनच ठरते. शाळेत पाऊणकी पाठ करणारी पिढी गेली, पण पाढा इथे रोज चालू आहे. सरांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही.

बाईंनी आजोबांची परवानगी घेऊन आवाज मुद्रित केला. वारा जोरात होता. मोबाईल टोपलीच्या आडोशाला धरला आणि टोपलीवर ओढणी टाकली, तेव्हा आवाज स्वच्छ आला. घरगुती ध्वनिमुद्रणासाठी ही एक युक्ती महागड्या माइकइतकी कामाची आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

संकलन. ३० तारखेला अष्टमी होती. सकाळ सत्रातल्या एका बाईंनी शाळा सुटल्यावर जाऊन त्याच खांबाचे फोटो घेतले. अमावास्येला दुपारी बारा वाजता खांब बुडालेला, अष्टमीला त्याच वेळी उघडा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप तयार होतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या दिवशी पाणी उधाणाइतकं चढत नाही आणि तितकं उतरतही नाही, हे पुढच्या फोटोंत आलं.

सगळी चित्रफीत दीड मिनिटाची. मोबाईलवरच जोडली. पार्श्वसंगीत घालायचा मोह दोघा-तिघांना झाला, पण बाईंनी नको म्हटलं : "त्या वेळात मला बोलायचंय." योग्य निर्णय. आजोबांचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये ठेवला, म्हणजे मुलांनी अंदाज केल्यानंतरच तो ऐकवता येईल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाठ पाहिला. घटक जुलैमध्ये शिकवून झालेला, सत्र परीक्षेआधीची उजळणी म्हणून पुन्हा घेतला. खिडक्यांना आतून खाकी कागद, मागच्या बाकाजवळ लहान स्पीकर.

बाईंनी दोन्ही बाराचे फोटो लावले आणि गप्प उभ्या राहिल्या. "बाई, दुसऱ्यात ओहोटी आहे." "घड्याळात तर बाराच वाजलेत." "मग तारीख वेगळी असणार." एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही असं मला आधी सांगितलं होतं, तो म्हणाला, "पहिला अमावास्येचा आहे. माझे पप्पा त्या दिवशी दुपारी होडी काढतात." बाईंनी त्याला फळ्याजवळ बोलावलं. त्याने तिथी आणि वेळा सांगितल्या, बाईंनी त्या गणनपत्रकात भरल्या, आलेख पडद्यावर सरळ रेषेत चढत गेला. मग आजोबांचा आवाज ऐकवला. वर्गातल्या एका मुलीने ओळखलं, "हे आमच्या आळीतले!"

शेवटी चंद्र-पृथ्वीची तीच जुनी ॲनिमेशन, दोन थांब्यांसह. पलीकडच्या फुगवट्यापाशी अजूनही निम्मा वर्ग अडखळला. तो भाग अवघडच आहे, एका तासात सुटणार नाही, आणि बाईंनी तो सुटल्यासारखं दाखवलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवला, सोमवारसाठी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीनंतरचं सत्र. चित्रफीत इतर शाळांना द्यायची, तर आधी हक्कांचं पाहावं लागलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला साहित्याची प्रत वापरायची मुभा आहे. पण वर्गात दाखवणं वेगळं आणि समाजमाध्यमावर टाकणं वेगळं. आमच्या चित्रफितीवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहिला : श्रेय द्या, वापरा, बदला. आजोबांना पुन्हा भेटून, आवाज बाहेरच्या शाळांत जाईल, चालेल का, असं विचारलं. चालेल म्हणाले.

मुलांच्या फोटोंबाबत मात्र मी कडक बोललो. वर्गात पडदा लागला की फोटो काढायचा आणि गटावर टाकायचा, ही सवय फार पसरलीय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी, चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाचा चेहरा गावभर का फिरावा? 'अहवालाला फोटो लागतात' ही अडचण खरी आहे. मार्ग काढला : पाठमोरा वर्ग, फळा, थांब्यांचा कागद, यांचेच फोटो.

देताना फाइल ७२०पी एमपी४ मध्ये, पेनड्राइव्हवर. सोबत थांब्यांचा कागद. कागदाशिवाय चित्रफीत कुणालाही द्यायची नाही, असं गटाने ठरवलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उर्दू माध्यमाच्या एका बाईंनी चित्रफीत नेली, त्यावर स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं आणि थांबे बदलले. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी खाडी जवळून पाहिलेली नाही, म्हणून पहिला प्रश्न त्यांनी पाण्याच्या खारेपणावर ठेवला. दिघ्याच्या सरांनी चित्रफीत पाहिली आणि परत केली. त्यांची शाळा डोंगराच्या पायथ्याशी, मुलांच्या ओळखीचं पाणी म्हणजे इलठणपाड्याचं धरण. तिथे आता ते दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच दगडावरून, जूनपर्यंत पाण्याच्या पातळीचा फोटो घेणार आहेत. पहिला घेतलाय. पाणी कुठे जातं, हा घटक त्यांना पुढच्या वर्षी शिकवायचाय.

जानेवारीच्या सत्राला अपूर्णांक. तो चालवणार आहेत गणिताचे सर आणि तिसरीच्या बाई, मी नाही. दोघांनी पहिला कागद आजच लिहायला घेतला. तिसऱ्या रकान्यात बाईंनी लिहिलंय : मुलं म्हणतील, एक अष्टमांश मोठा, कारण आठ मोठे.